चांगुणामावशींचा डाव

चांगुणामावशी फोन नुसत्या हातात धरत नसत, पदरात धरत. चुलीवरचं पातेलं उतरवताना धरतात तसा, दोन्ही बाजूंनी पदर गुंडाळून. कारण त्यांचा फोन तापायचा. वाशिंदच्या कारखान्यात कामाला असलेल्या मुलाने नवा फोन घेतला तेव्हा जुना आईला दिला होता. काच एका कोपऱ्यात तडकलेली, आणि दहा मिनिटं खेळलं की हात लावायची सोय नाही. खेळायच्या आधी मावशी हात स्वच्छ धुवायच्या, पुसायच्या, आणि मग एका बोटाने असा काही डाव टाकायच्या की समोरचा माणूस, तो जगात कुठेही बसलेला असो, घाम पुसत राहायचा. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक, की आपल्याला लोळवणारी बाई मुरबाड तालुक्यातल्या एका शाळेत बत्तीस पोरांची खिचडी शिजवते!

मी त्या शाळेत मास्तर होतो. धसईच्या पुढे, एसटी जिथे वळून परत फिरते, तिथलं गाव. दोन वर्गखोल्या, दोन शिक्षक, म्हणजे हेडसर आणि मी, आणि मागे पत्र्याचं स्वयंपाकघर. ती मावशींची हद्द. मी मुरबाडहून मोटारसायकलने यायचो. त्या काळात मला एक नाद लागला होता, लाजण्यात अर्थ नाही, सांगून टाकतो: फोनवरचा पत्त्यांचा खेळ. राजा-राणी-गुलामाचे पत्ते नव्हेत ते. यात राक्षस, योद्धे, जनावरं अशी हजारभर पानं असतात. ती जमवायची, त्यातली तीस निवडून आपली गड्डी बांधायची आणि अनोळखी माणसाशी लढायचं. साधी पानं खेळता खेळता फुकट मिळतात. दुर्मीळ पानं बंद पाकिटांतून निघतात आणि पाकिटं विकत घ्यावी लागतात. जिंकून पैसे मिळत नाहीत. पैसे फक्त जातात, आणि ते माझे जात होते.

गावात रेंज म्हणाल तर शाळेच्या व्हरांड्याच्या टोकाला, पाण्याच्या टाकीपाशी, चार फुटांत. पोरं जेवून खेळायला पळाली की मी तिथे जाऊन बसायचो, आणि मावशी तिथेच भांडी घासायच्या. एक दिवस पाठीमागून आवाज आला, "सर, जुगार काय ओ?"

"छे, मावशी. नुसता खेळ आहे."

"मंग तोंड का असं पडलंय?"

मला हसू आलं. मास्तराला समजावून सांगायची संधी मिळाली की तो सोडत नाही. मी त्यांना पानं दाखवली, सांगितलं की दर डावाला आपली ताकद एकेकाने वाढते. हलकं पान थोड्या ताकदीत टाकता येतं, जड पानाला जास्त ताकद लागते. मावशींनी हातातला काथ्या खाली ठेवला.

"म्हंजे सरपण," त्या म्हणाल्या. "पयल्या डावाला एक लाकूड, दुसऱ्याला दोन. एका लाकडावर भात नाय शिजायचा, चहा व्हईल."

हे कळायला मला दोन दिवस व्हिडिओ बघावे लागले होते!

आठवड्याभरात त्यांनी माझ्याकडून आपल्या फोनवर खेळ घालून घेतला. खेळात त्यांचं नाव काय ठेवू विचारलं तर म्हणाल्या, "खिचडी ठेवा." खेळ सगळा इंग्रजीत, मावशींचं वाचन मराठीपुरतं. पण अडलं कुणाचं? त्यांनी चित्रं पाठ केली आणि प्रत्येकाला घरचं नाव दिलं. शिंगवाला राक्षस म्हणजे हेल्या, रेड्यासारखा. कंदील घेतलेली म्हातारी, जी जखमी पानं बरी करते, ती नर्सबाई. ढालीसारखी पाठ असलेलं कासव मात्र कासवच राहिलं, आणि ते त्यांचं सगळ्यात लाडकं. फुकटातलं, कुणी ढुंकून न बघणारं पान. माझ्याकडे एक सोनेरी पंखांचा घोडा होता. तीन महिने पाकिटं फोडली तेव्हा कुठे हाती लागलेला. तो मी कौतुकाने दाखवला तर मावशी म्हणाल्या, "लग्नातला घोडा हाय ओ तुमचा. मिरवायला बरा."

हेडसरांना कुणकुण लागली. एका दुपारी ते ताडताड टाकीपाशी आले. "मावशी, शाळेच्या आवारात पत्ते?"

"सर, पोरं जेवली. भांडी घासली. गॅस बंद केला. आता मी इथं पडून घोरले तर तुमी काय बोलाल? काय नाय. मंग खेळले तर काय झालं?"

हेडसर वाकून बघायला लागले. चार दिवसांनी तेच विचारत होते, "आज कासव निघालं की नाही?"

मावशींचा खेळ बघणं म्हणजे माझ्यासारख्या उतावळ्याची परीक्षा. समोरचा एकामागून एक जड पानं आपटतोय आणि ह्या कासव पुढे करून बसल्यात. कासवाला लागलं की मागून नर्सबाई. परत कासव. मी तडफडायचो, "मावशी, मारा ना आता!" त्या शांतपणे म्हणायच्या, "त्याचं पिंप रिकामं होऊ दे. घाई कोणाला हाय?" आणि खरंच, समोरच्याची तीस पानं संपायची, हातात काही उरायचं नाही, तेव्हा मावशी आपला राखून ठेवलेला हेल्या काढायच्या. शेवटचं पान त्या कधीच आधी टाकत नसत.

ही अक्कल कुठून आली, ते मला पुढे कळलं. एका महिन्यात शाळेला डाळ उशिरा आली. आम्ही दोघे सर हवालदिल, पोरांना काय घालायचं? मावशींनी नऊ दिवस खिचडी केली, आणि खिचडीच केली, नुसता भात नाही. विचारलं तर म्हणाल्या, "पयल्या दिवसापासून मूठभर मागं ठेवत होते. संपल्यावर काटकसर करून काय उपेग?"

मी मागे काहीच ठेवत नव्हतो. कंपनी दर तीन महिन्यांनी नवी पानं काढायची, ती आली की माझी जुनी गड्डी हरायला लागायची, की घे पाकिटं. बायकोला सांगायचो, "डेटा लवकर संपतो गं हल्ली." पाकिटांची किंमत एकदा वाढली, दुसऱ्यांदा वाढली. माझा डेटाही तसा जास्त जास्त लवकर संपायला लागला. आणि इतकं करून, मावशींशी खेळलो की दहातल्या सहा वेळा मी हरायचो. मला त्याचा राग यायचा, खोटं कशाला बोलू?

मग एक दिवस खेळात सूचना आली. पाकिटं पुन्हा महाग, आणि पुढच्या एक तारखेपासून जुनी पानं पायऱ्यांच्या खेळातून बाद. पायऱ्यांचा खेळ म्हणजे जिंकत जिंकत वर चढायचं तो, मुख्य. मी मावशींना वाचून दाखवलं.

"म्हंजे कासव बाद?"

"हो."

"त्यानं काय गुन्हा केला?"

"गुन्हा कसला, मावशी. जुनी पानं चालत राहिली तर नवी कोण विकत घेईल?"

"असं हाय व्हय," एवढंच म्हणून त्यांनी झारा उचलला. दोन दिवस खेळाचं नाव काढलं नाही. तिसऱ्या दिवशी विचारलं, "सर, ती सोनेरी पाठ कशी मिळते?"

खेळात प्रत्येकाच्या पानांची मागची बाजू समोरच्याला दिसते. सगळ्यांची निळी असते. जो सगळ्या पायऱ्या चढून शिखरावर जातो, त्याला सोनेरी मिळते, एकदाच, कायमची. मी सांगितलं की एवढी एकच वस्तू या खेळात पैसे देऊन मिळत नाही.

"इकत मिळत नाय ना?" मावशी म्हणाल्या. "मंग तीच पायजे. कासव हाय तोवर."

आणि त्या लागल्या की चढायला! रोज भांडी झाली की टाकीपाशी. सुट्टीच्या दिवशीही गावातून शाळेत यायच्या, रेंजसाठी. मी दुर्मीळ पानं घेऊन देतो म्हटलं तर हात जोडले, "नको ओ. तुमच्या घोड्यावर बसून मना नाय जायाचं." शेवटचा रविवार उजाडला तेव्हा त्यांना एक विजय हवा होता. फक्त एक. आणि गंमत बघा, मलाही एकच हवा होता. एवढ्या पाकिटांनी मला पहिल्यांदाच तिथवर नेलं होतं.

रविवारी दुपारी मुरबाडला घरी जेवून मी खेळायला बसलो. समोर कोण येईल ते खेळ ठरवतो, आणि त्या उंचीवर माणसं थोडीच असतात. नाव आलं: खिचडी.

मी नाव पुन्हा वाचलं. खेळलो. सहा डाव झाले. मावशींचं एक कासव पडलं, दुसरं पडलं. माझ्या हातात घोडा होता आणि पुढच्या डावाला तो टाकण्याइतकी ताकद येणार होती. मला डोळ्यांसमोर त्या दिसल्या, टाकीपाशी, पदरात फोन धरून. उद्या कासव जाणार. मी माघारीचं बटण दाबलं. त्यांना विजय, त्यांना शिखर, त्यांना सोनेरी पाठ. मला इतकं थोर वाटलं म्हणून सांगू! बायकोला सगळं सांगितलं, अगदी पाकिटांसकट. पाकिटांचा हिशोब पुढे झाला. पण आधी तिने विचारलं, "मावशींनी विजय मागितला होता का तुमच्याकडे?"

सोमवारी मी शाळेत हसत शिरलो. मावशींनी पोरांना वाढलं, हेडसरांना वाढलं, माझं ताट समोर ठेवलं. भांडी झाल्यावर टाकीपाशी आल्या.

"सर, काल तुमच्या हातात घोडा होता."

"कशावरून?"

"सहा डाव एक पान तुमी जागचं हलवलं नाय. तुमी घोडा तसाच धरता, पयल्यापासून."

मी मान डोलावली.

"माज्या हातात दोन नर्सबाया होत्या. खाली पिंपात हेल्या होता. मी हरले नव्हते, सर. हरले असते का जिंकले असते, ते आता कदीच नाय कळणार. माज्या चुलीवरचं भांडं तुमी उतरवलंत. शिजलं का नाय, बगितलंबी नाय."

मला त्या व्हरांड्यात उभं राहवेना. मी "चुकलो, मावशी" म्हटलं, मनापासून म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि पाणी आणायला गेल्या. रागावणं त्यांना फार वेळ जमत नसे. दुसऱ्या दिवशी माझ्या ताटात खिचडीचा नेहमीचा जास्तीचा डाव होता. पण सोनेरी पाठ त्यांनी लावली नाही. मिळालेली होती, एक बोट लावायचा अवकाश होता. पानं निळीच ठेवली.

एक तारखेपासून कासव बाद झालं आणि मावशींनी पुन्हा तळापासून सुरुवात केली, नव्या खेपेतल्या फुकट मिळालेल्या पाचसहा पानांवर. खेळातली रोजची कामं करून एकेक पान जमवलं. कासव नाही तर नाही, एक मातीचा गोळा होता, त्याला पुढे केला आणि नाव ठेवलं चिखल्या. मीही पाकिटं बंद केली. बायकोच्या धाकाने म्हणा, लाजेने म्हणा. घोडा बाद झालाच होता. मी मावशींच्या शेजारी बसून फुकटच्या पानांची गड्डी बांधायला शिकलो आणि महिनाभर सणकून हरलो. "शिका, शिका," मावशी म्हणायच्या, "आता कुठं तुमी चूल पेटवाला लागलात."

तिसऱ्या महिन्यात एका दुपारी टाकीकडून आरोळी आली. मी आणि हेडसर धावलो, वाटलं घसरल्या की काय! मावशी टाकीपाशी उभ्या, एका हातात घासलेला झारा, दुसऱ्या हातात पदरात गुंडाळलेला फोन. शिखर. समोर कोण कुठला परका माणूस, शेवटच्या पानापर्यंत लढलेला. त्यांनी आमच्यादेखत बोट लावून पाठ सोनेरी केली. "ही माजी," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पोरांच्या खिचडीवर मावशींच्या घरचं तूप होतं.

पुढच्या वर्षी माझी बदली शहापूर तालुक्यात झाली. निघताना मी त्यांच्या पाया पडलो तर त्या मागे सरल्या, "मास्तरांनी पडाचं नसतं ओ!" आणि डबाभर चकल्या दिल्या. फोनवर बोलणं व्हायचं, पण खेळात आम्ही समोरासमोर काही आलो नाही.

परवा आलो. शनिवार, शाळा सुटलेली, मी नव्या शाळेच्या पायरीवर. समोर सोनेरी पाठीची पानं, वर नाव: खिचडी. मी चप्पल काढून मांडी घातली. अठरा डाव चाललं. चिखल्या, मग नव्या पानांतली नर्सबाई, पुन्हा चिखल्या. या वेळी मीही मूठभर मागे ठेवलं होतं. त्यांचं पिंप रिकामं झालं, माझ्याकडे एक पान शिल्लक होतं. साधं, फुकटातलं. मी ते टाकलं, आणि जिंकलो.

अर्ध्या मिनिटात फोन वाजला. पलीकडे मावशी हसत होत्या, हसता हसता खोकत होत्या. त्यांचा आनंद त्यांना आवरत नव्हता.

"हरले ओ सर," त्या म्हणाल्या. "नीट हरले!"