एक्कावन्नावी बाई

चादरीच्या कारखान्यात टाइम-ऑफिसचा क्लार्क म्हणून चिकटलात की किस्से जमवावे लागत नाहीत. कापसाच्या तुसासारखे ते आपोआप अंगावर येऊन बसतात, आणि घरी जाऊन कितीही झटकले तरी दोन-चार उरतातच. सत्तरच्या दशकात सोलापुरात मी ही नोकरी केली. मालक आप्पासाहेब, मूळचे मंद्रूपचे. कपाळाला विभूती, बोलायला गोड, मनानंही वाईट नाहीत. फक्त कायदा त्यांना शेजाऱ्याच्या बैलासारखा वाटायचा, आपल्या रानात शिरू द्यायचा नाही.

* * *

कायद्यानं प्रथमोपचाराची पेटी लागते. आप्पासाहेबांनी चांगली काचेची आणली, भिंतीवर ठोकली, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. "उघडी ठिवली तर औषध नेतील की!"

एकदा ते शेतावर गेले असताना लूम दुरुस्त करणाऱ्या व्यंकटेश जॉबरचा डावा हात कापला. वाट बघून कंटाळला आणि त्यानं उजव्या हातानं काच फोडली. आता दोन्ही हातांतून रक्त! आत टिंक्चरच्या बाटलीत निघालं कुंकवाचं पाणी. सरकारी फॅक्टरी इन्स्पेक्टर रंग बघतो, वास घेत नाही, हा मालकांचा अनुभव.

संध्याकाळी आप्पासाहेबांनी दोन्ही पट्ट्या पाहिल्या आणि मला म्हणाले, "बघितलंस? पेटी नसती तर एकच हात कापला असता."

* * *

आगीसाठी वाळूच्या लाल बादल्याही होत्या. त्यात मालकीणबाईंनी कोथिंबीर लावली होती.

"आग लागली तर काय कराल?" इन्स्पेक्टरसाहेबांनी विचारलं. साहेब पुण्याचे, सभ्य माणूस.

आप्पासाहेबांनी विचार केला. "आदी कोथिंबीर काढून घिऊ की."

* * *

मग एका परदेशी कंपनीचं पत्र आलं. हजारो चादरी घ्यायच्या होत्या, पण एक अट होती. आम्ही फक्त सुखी कामगारांच्या हातचा माल विकतो, तेव्हा तुमचे कामगार सुखी आहेत का ते विचारून कळवा.

"विचारू की," म्हणत आप्पासाहेब मला घेऊन शेडमध्ये गेले. सगळे लूम धडाडत होते. एकेका विणकराकडं दोन-दोन लूम, दोन्ही हात गुंतलेले. मधोमध उभं राहून मालक ओरडले, "जो सुखी न्हाय, त्यानं हात वर करा!"

ऐकू कुणालाच आलं नाही. आलं असतं तरी हात मोकळा कुणाचा होता?

"एकबी हात न्हाय," आप्पासाहेब म्हणाले. "लिही. सगळे सुखी."

मी लिहिलं.

* * *

आता नरसव्वा. चादरीच्या टोकाला सुटलेल्या दशांना गाठी मारायला आमच्याकडं बायका असत. पन्नासच्या वर बायका झाल्या की कारखान्यात पाळणाघर बांधावं लागे. म्हणून मस्टरवर बायका बरोब्बर पन्नास. नरसव्वा एक्कावन्नावी. पाच वर्षं कामाला, पण मस्टरवर नाव नाही.

इन्स्पेक्शन असलं की ती मोकळा डबा घेऊन समोरच्या पिठाच्या गिरणीत जाऊन बसायची. साहेब जाता-येता तिला बघायचे आणि आपुलकीनं विचारायचे, "काय बाई, दळण झालं नाही का अजून?"

"लई गर्दी हाय, सायब," ती म्हणायची.

मला मात्र वेगळंच म्हणायची. "क्लार्कसाब, माजं नाव लिव की. नाव असलं की दवाखान्याचं कार्ड मिळतंय म्हनं. गाठी मारून मारून डोळ्यांनी दिसंना झालंय."

मी मान खाली घालून मस्टर मिटायचो. त्याची लाज मला अजून वाटते.

* * *

पत्राच्या मागोमाग कंपनीची बाईच आली. सरकारी माणूस शेजारी असला की वजन पडतं म्हणून आप्पासाहेबांनी इन्स्पेक्टरसाहेबांनाही बोलावलं. नरसव्वा गिरणीत.

मडमेनं ढिगातली एक चादर उचलली. दशांच्या गाठी बारीक, मोत्यासारख्या. "या गाठी कुणी मारल्या? मला तिला भेटायचंय."

आप्पासाहेबांनी चंद्रव्वाला पुढं केलं. मडम म्हणाली, मारून दाखव. गाठ जाड आली. मग दुसरी बाई, मग तिसरी. गाठ ही बाईच्या सहीसारखी, एकीची दुसरीला येत नाही. हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल, पण घाईत मालक विसरले. पन्नास बायकांनी पन्नास गाठी मारून दाखवल्या!

शेवटी चंद्रव्वाच वैतागली. "आवो, ती समोर गिरणीत बसलीया की!"

नरसव्वा आली. डबा बाजूला ठेवला, खाली बसली, चादर डोळ्यांजवळ धरली आणि गाठ मारली. तीच ती.

साहेब बघतच राहिले. "बाई, तुम्ही तर दळणाला येता ना?"

"पाच वरसं झाली, सायब. डब्यात दाणाच न्हाय."

साहेबांनी मस्टर मागवलं आणि माझ्याकडं पाहिलं. मी लिहिलं, एक्कावन्न, नरसव्वा. इतकं सुरेख अक्षर माझं पुन्हा कधी आलं नाही.

पाळणाघर बांधायला साहेबांनी तीन महिने दिले.

* * *

तीन महिन्यांनी साहेब आले. तोवर पाळणाघराची तयारी म्हणजे पत्र्याखालच्या आढ्याला पाळणा टांगायची एक कडी लागली होती. मालक कुठं आहेत, ते मला ठाऊक नव्हतं. साहेब गिरणीवरून आले आणि सवयीनं आत डोकावले.

रांगेत, मांडीवर डबा घेऊन, आप्पासाहेब बसले होते.

"काय, दळण झालं नाही का अजून?"

"लई गर्दी हाय, सायब."

डबा नरसव्वाचा होता. सकाळी तिनंच तो पुसून त्यांच्या हातात दिला होता, नाकावरचा नवा चष्मा सारखा करत.