प्रीतिभोजनाचं वरण

कासारवाडीच्या रुळांपलीकडच्या छोट्या चर्चमध्ये रविवारी उपासनेनंतर प्रीतिभोजन असतं. नावाला ते मंडळीचं, जेवायला मात्र सगळी वस्ती. कुणाची कंपनी बंद पडलेली, कुणाचं कंत्राट संपलेलं. कुणी जातधर्म काढला, की शालनबाई त्यालाच कांदे चिरायला बसवायच्या. सतरा वर्षं वरण त्यांच्याच हातचं, आणि बोलणंही तितकंच झणझणीत!

त्या मे महिन्यातल्या रविवारी मात्र पातेल्याचं झाकण काढलं आणि त्या वाकून बघतच राहिल्या. वरणावर कडेकडेनं बारीक फेस होता.

आता असं बघा, फोडणीचा वास आला की पोरंबाळं उपासनेत चुळबुळतात. म्हणून वरण पहाटेच करून झाकण घट्ट लावायचं आणि शेवटचं 'आमेन' होईपर्यंत उघडायचं नाही, ही इथली जुनी पद्धत. त्यात आज पाहुणे पाळक आलेले. देवमाणूस, पण उपदेश काही आवरेना! वर तापलेला पत्रा, आत कोंडलेलं वरण. नासायला आणखी काय हवं?

पण खरंच नासलंय का? चमचाभर जिभेवर टाका, कळेल, असं कुणीही म्हणेल. तिथंच तर मेख होती. जानेवारीतल्या तापानंतर शालनबाईंची चव गेली होती, वासही गेला होता. मीठ काय नि गूळ काय, सगळं सारखंच. कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं की 'आता आराम करा' म्हणत गोड बोलून घरी बसवतील, आणि नवरा गेल्यापासून रविवारखेरीज त्यांना होतंच काय?

"शालनबाई, वाढायचं ना?" चर्चचे सेक्रेटरी निरंजन दारातून ओरडले. बाहेर दीडशे माणसं ताटं घेऊन बसलेली.

"आलेच!"

त्यांनी चव घेतली. काहीच नाही. पुन्हा घेतली. द्यावं वाढून? निभावलं तर निभावलं. नाही निभावलं तर? पहिल्याच पंगतीत शेजारच्या चाळीतली कस्तुरा दोन वर्षांच्या नातीला मांडीवर घेऊन बसली होती. त्या पोरीकडे नजर गेली आणि बाईंचा धीरच सुटला.

"कस्तुरा, इकडं ये गं. हे चाखून बघ."

"मी? तुमच्या वरणाची चव मी बघू?"

"माझ्या जिभेला चव नाही, बाई! चार महिने झाले. मला काही कळत नाही!"

एवढ्या मोठ्यानं बोलल्या, की सगळी पंगत वळून बघायला लागली.

कस्तुरानं बोटावर घेऊन चाखलं आणि लगेच थुंकून टाकलं. "आंबलंय. ओता."

निरंजन आणि आणखी एकानं पातेलं उचलून नेलं. शालनबाईंनी हातातली पळी खाली ठेवली. "भात-चटणी वाढा तुम्ही. मी जाते घरी," त्या रडत म्हणाल्या. "संपलं माझं."

"काय संपलं?" कस्तुरा फणकारली. "चार महिने कधी खारट, कधी आळणी. आमाला काय कळत न्हवतं व्हय?"

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुमाला घरी बसवलं असतं. मग आमी इथं कुणाच्या शिव्या खायच्या?"

पंगतीत हसू फुटलं. शालनबाईंना हुंदका आवरेना. चार महिने त्या लपवत होत्या, आणि ही सगळी माणसं त्यांच्यापासून लपवत होती.

त्यांनी भाताचं पातेलं पुढं ओढलं. "बसा सगळी," त्या म्हणाल्या. "वाढते."