देवाजवळचा चार्जर

चाळीस वर्षं दर्यात गेलेला माझा मामा घरात जळाला. भर दुपारी, जेवून आडवा झाला असताना.

आज त्याला वर्ष झालं.

तेव्हा खूप जणांनी विचारलं, नक्की कशाने? मी "शॉर्ट सर्किट" म्हणून विषय संपवायचे. खोटं होतं ते. आज खरं लिहिते, कारण परवा मामाच्या घरी जे पाहिलं त्यानंतर गप्प बसवत नाही.

मामा तारापूरजवळचा, स्वतःच्या होडीचा तांडेल. दिवसाला दोन बंडलं बिड्या. डॉक्टरने दम भरला तेव्हा त्याच्या मुलाने, जहाजावर नोकरीला असलेल्या नीलेशने, परदेशातून वाफ ओढायची ती नळी, ई-सिगारेट, आणली. आपल्याकडे विकायला बंदी असलेली.

मामा तिला वाफेची बिडी म्हणायचा. बिडी सुटली हे खरं. वाफ काही सुटली नाही.

तिच्यात दोन गोल लिथियम सेल. चार्ज करायचे तर बाहेर काढून वेगळ्या चार्जरमध्ये ठेवायचे. सोबत आलेला चार्जर मामाने पहिल्याच महिन्यात पाण्यात पाडला, आणि बोईसरच्या रस्त्यावरून एक स्वस्तातला उचलला. पूर्वी चपट्या मोबाईल बॅटऱ्यांना खेकड्यासारखा दोन नांग्यांचा चिमटा यायचा ना, तो. गोल सेल त्यात रबर लावून अडकवायचा.

"ही माझी चिंबोरी," म्हणाला. "काय पण धरते."

बोईसरला माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान. एका सेलचं वरचं कव्हर फाटलं म्हणून चिकटपट्टी मागायला तो आला, तेव्हा मी ही चिंबोरी पाहिली. सेल शर्टाच्या खिशात, चाव्यांबरोबर. गिऱ्हाइकांसमोर मी त्याला झाडला.

दुसऱ्याच्या होडीतला सरंगा कल्ले उघडून पाहिल्याशिवाय घरात न घेणारा हा माणूस. चार्जर मात्र उलटा करून मागे काय लिहिलंय तेही बघितलं नव्हतं.

सेल भरला हे तुला कळतं कसं, मी विचारलं.

"गरम लागला म्हणजे भरला."



सगळं समजावलं. याच जातीच्या सेलचा, भरला की आपोआप थांबणारा चार्जर लागतो. गरम होणं ही भरल्याची खूण नव्हे, तो धोका आहे. कव्हर फाटलेला सेल वापरायचाच नाही, पट्टी मारून तर नाहीच. चार्जिंगला लावून झोपायचं नाही. जाळ्यांजवळ लावायचं नाही. मामा शाळेतल्यासारखा मान हलवत होता.

मग त्याला चांगला चार्जर दिला. प्रत्येक सेलला वेगळा दिवा, भरला की लालचा हिरवा. बॉक्समध्ये दोन नवे सेलही टाकले. चिंबोरी फेकून दे म्हटलं.

"फेकतो गो. किती बोलशील."

आठ-दहा दिवसांनी फोन केला. नवा चार्जर कसा वाटतो?

"झकास हाय. देवाजवळ ठेवलाय."

मी हसले. मला वाटलं, देव्हाऱ्याशेजारच्या प्लगला लावत असेल. बरं झालं, जाळ्यांपासून लांब.

अजून एक प्रश्न विचारायला हवा होता. उघडलास का?

आषाढातली दुपार. होड्या वर ओढलेल्या. मामी सुकी मासळी घेऊन बाजारात गेलेली. मामा पडवीत जाळं दुरुस्त करता करता त्याच ढिगावर झोपला. उशाशी खिळ्याला चिंबोरी, तिच्यात पट्टी मारलेला सेल.

शेजाऱ्यांनी आधी फटाक्यासारखा आवाज ऐकला.

नायलॉन नुसतं जळत नाही. वितळतं आणि अंगाला चिकटतं. याहून जास्त मला लिहिता येणार नाही.

तीन दिवस होता.

बाराव्यानंतर मामीबरोबर घर आवरत होते. आतल्या खोलीला काही झालं नव्हतं. देव्हाऱ्यात माझ्या दुकानातला बॉक्स होता. सील तसंच. वर हळदकुंकू आणि झेंडूचं वाळलेलं फूल.

"नारळी पुनवेला काढणार होते, होडीसंगं," मामी म्हणाली. "नवी वस्तू आमी पुनवेलाच काढतो. तुला ठाऊक नाय?"

ठाऊक होतं. माझी आई त्याच घरातली. नवं जाळं असो, नवा दोर असो, दर्याला नारळ देऊनच वापरायला काढायचा. भाचीने दिलेली वस्तू मामाला इतकी मोलाची वाटली की ती त्याने देवापुढे ठेवली, आणि तोवर चिंबोरीवर भागवलं.

पुनवेला महिनाही उरला नव्हता.

परवा वर्षश्राद्धाच्या तयारीला गेले. नीलेश जहाज सोडून आता होडी बघतो. पडवी नव्याने बांधली आहे. कोपऱ्यात नवी जाळी, भिंतीला नवा खिळा.

खिळ्याला चिंबोरी. तशीच, दुसरी. होडीवरच्या टॉर्चचा गोल सेल तिच्यात, रबर लावून.

मी बोट लावलं. चटका बसला.

"भरला असंल मग," नीलेश म्हणाला. अगदी सहज, बापाच्याच आवाजात.

मला राग नाही आला. भीती वाटली. प्लग काढला, सेल फडक्यात धरून बाहेर उघड्या दगडावर नेऊन ठेवला. चिंबोरीची वायर कापली. मग हातपाय धुऊन देव्हाऱ्यातला बॉक्स उचलला.

वर्षभर मामी त्याला रोज फूल वाहत होती. माझ्या हातात बॉक्स बघून तिने दाराची चौकट धरली.

"पुनव लांब हाय अजून," म्हणाली.

मी सील फोडलं. तिने अडवलं नाही.

नवा सेल लावला. लाल दिवा लागला. नीलेशला म्हटलं, बस इथे. मामी पण येऊन बसली. दिवा हिरवा होईपर्यंत आम्ही तिघं त्याच्यासमोर बसून होतो.

तुमच्याही घरात जपून ठेवलेली अशी एखादी वस्तू असेल. आज उघडा.

मामा, तुझा चार्जर मी पुनवेआधीच काढला. रागावू नकोस.

तुझ्या भाचीचा नमस्कार.