नदीकाठी डोळा लागला तेव्हा

मधली अडीच वर्षं मी देवीपुढे हात जोडत होतो ते निव्वळ सवयीने. माहूरची रेणुका आमची कुलस्वामिनी. नोकरीच्या निमित्ताने चौतीस वर्षांपूर्वी यवतमाळहून बेंगळुरूला आलो, एका सरकारी कारखान्यातून इंजिनीअर म्हणून निवृत्त झालो, हेब्बाळला छोटा फ्लॅट घेतला. या सगळ्या काळात सकाळची पूजा कधी चुकली नाही. पण माझ्या पत्नीला, कुसुमला, विस्मरणाचा आजार जडला आणि त्या पूजेतला जीवच गेला. आधी ती गॅस बंद करायला विसरायची, मग शेजारणींची नावं, मग आमच्या मुलीचं नाव. एका सकाळी तिने मला हॉलमध्ये बसवून पाणी दिलं आणि अदबीने म्हणाली, "आमचे हे घरी नाहीत. आले की सांगते तुम्ही येऊन गेलात म्हणून." मी ते पाणी प्यालो. त्यानंतर देवीकडे मागायचं काय, हेच मला कळेना. आम्ही कुठे कमी पडलो, एवढंच विचारत राहिलो, आणि उत्तर कधी आलं नाही.

मुलगी पुण्याला असते. दिवाळीत आली तेव्हा तिने माझी अवस्था पाहिली. कुसुम वेळी-अवेळी दार उघडून बाहेर पडायची, म्हणून मी दाराला पाठ लावून बसायचो. झोप अशी महिनोन्‌महिने नव्हतीच. मुलीने चौकशी करून शहराबाहेर, होसकोट्याच्या वाटेवर, कुसुमसाठी एक वृद्धाश्रम शोधला. जागा स्वच्छ होती, माणसं प्रेमळ होती. "बाबा, तुम्ही टिकलात तरच आईला कोणी असेल," ती म्हणाली. तिचं म्हणणं खोडून काढण्यासारखं नव्हतं. जानेवारीतला एक सोमवार ठरला. मी होकार दिला आणि त्या क्षणापासून मला स्वतःचं तोंड आरशात बघवेना.

सोमवारच्या आधीच्या शुक्रवारी मी कुसुमला श्रीरंगपट्टणला घेऊन गेलो. आमच्याकडे गाडी कधी नव्हती. बसने किंवा रेल्वेने गाठता येईल अशा एखाद्या नदीकाठी महिन्यातून एकदा चालायला जायचं, ही आम्हा दोघांची एकमेव चैन. कधी मद्दूरला उतरून शिंशेच्या काठाने, कधी रामनगरजवळ अर्कावतीच्या कडेने; पण जीव रमायचा तो कावेरीपाशीच. सकाळी मॅजेस्टिकच्या स्टेशनहून म्हैसूरची रेल्वे पकडायची, श्रीरंगपट्टणला उतरायचं आणि पाण्याच्या सोबतीने गंजामच्या निमिषांबा देवीपर्यंत रमतगमत चालायचं. वाट सपाट, गुडघ्यांना सोसणारी. एका हाताला नदी, दुसऱ्या हाताला भातखाचरं आणि ऊस. निमिषांबा भक्ताचं गाऱ्हाणं निमिषात ऐकते असं म्हणतात. माहूर लांब पडतं म्हणून कुसुमने हिलाच आपली रेणुका मानलं होतं. मला मात्र त्या दिवशी देवीकडे काही मागायचं नव्हतं. बरोबरचं शेवटचं चालणं म्हणून मी निघालो होतो.

गाडीत ती शांत होती. चालतानाही शांत होती, फक्त मधूनमधून थांबून माझ्याकडे परक्या माणसाकडे बघावं तशी बघायची. अर्ध्या वाटेवर पिंपळाचा एक पार आहे, त्यावर नागाचे दगड मांडलेले आहेत आणि खाली नदीत उतरणाऱ्या पायऱ्या आहेत. तिथे बसून मी तिला डब्यातला दहीभात भरवला. ऊन कोवळं होतं, वारा थंड होता. मी तिच्या पदराचं टोक मुठीत धरलं, पिंपळाला टेकलो, आणि माझा डोळा लागला.

जागा झालो तेव्हा मूठ रिकामी होती. पारावर कोणी नव्हतं. तिच्या चपला सगळ्यात खालच्या पायरीवर, पाण्याला लागून, नीट जोडीने ठेवलेल्या होत्या.

आता जे लिहितो आहे ते लिहायला मला फार जड जातं. त्या चपला पाहिल्यावर माझ्या मनात पहिला शब्द उमटला तो 'सुटलो' हा. ती सुटली असं नव्हे, मी सुटलो. अंगातून काहीतरी ओझं उतरल्यासारखं झालं, आणि ते हलकेपण मी अनुभवलं. एखादा श्वास घेण्याएवढाच तो वेळ असेल. मग मला माझीच किळस आली आणि मी तिच्या नावाने ओरडत काठाने धावत सुटलो. कपडे धुणाऱ्या दोघी बायका भेटल्या. त्यांनी कोणाला पाहिलं नव्हतं. खडकांमधून वाहणाऱ्या पाण्यात मी डोळे ताणून बघत होतो, पण तिची फिकट निळी साडी मला दिसावी की न दिसावी, तेही ठरवता येत नव्हतं. शेवटी वाटेतच मातीत बसलो. स्तोत्रं आठवेनात, नामही ओठांवर येईना. आयुष्यभर केलेल्या पूजेतलं काहीही त्या वेळी हाताशी नव्हतं. मी एवढंच म्हणालो, "माझ्याच्याने आता होत नाही. तूच बघ."

किती वेळ गेला सांगता येणार नाही. उसाच्या कडेने डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई आली. पन्नाशीची असेल. मला पाहून ती थांबली आणि कन्नडमध्ये म्हणाली, "अण्णा, अनवाणी अक्कांना शोधताय ना? माझ्या अंगणात बसल्या आहेत. फाटक लावून मी तुम्हाला बघायला आणि कापलेलं गवत उचलायला आले." भारा तिने तिथेच टाकला आणि मला हाताला धरून उठवलं.

तिचं नाव गौरम्मा. तिचं घर तिथून शंभर पावलांवर, नारळांच्या मागे होतं. अंगणात कुसुम फतकल मारून बसली होती आणि समोरच्या परातीतले भिजवलेले अवरे, म्हणजे पावट्याचे, दाणे चिमटीत दाबून सोलत होती. बेंगळुरूच्या प्रत्येक हिवाळ्यात आमच्या घरी हे काम चालायचं. सालं एका बाजूला पडत होती, दाणे दुसऱ्या बाजूला. तिची बोटं एकदाही चुकत नव्हती. तिने वर पाहिलं, मला ओळखलं नाही, आणि पुन्हा कामाला लागली.

मी तिथेच खाली बसून रडलो. गौरम्माने पाणी आणून दिलं. ती म्हणाली, "काठाने एकट्याच चालल्या होत्या. माझ्या सासूबाई सहा वर्षं अशाच होत्या, म्हणून बघताक्षणी कळलं मला. कुठे निघालात विचारलं, तर तुमच्या भाषेत एकच सांगत होत्या. मागायत, मागायत. म्हणजे काय, अण्णा?"

मला क्षणभर उमगलं नाही. मग उमगलं. मागे आहेत. आमच्या प्रत्येक फेरीत कुसुम पुढे असायची, मी रेंगाळत मागून यायचो, आणि वाटेत कोणी विचारलं की ती वळून न बघता सांगायची, 'हे मागे आहेत.' माझं नाव गेलं होतं, चेहरा गेला होता; तरी कोणीतरी आपल्या मागून येतं आहे हा भरवसा तिच्यात शिल्लक होता. आणि मागच्याने त्याच वेळी काय केलं होतं, ते फक्त मला ठाऊक होतं.

ते पोटात ठेवणं मला अशक्य झालं. माझ्या मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये, जिला अर्ध्या तासापूर्वी ओळखतही नव्हतो त्या बाईला मी सांगून टाकलं की चपला पाहिल्यावर मला बरं वाटलं होतं. ती परातीतले दाणे चाळत होती. तिचा हात थांबला नाही.

"आगुत्ते, अण्णा," ती म्हणाली. होतं असं. "माझी सासू एकदा दिवसभर सापडली नाही. आता नाहीच सापडली तर बरं, असं मला वाटलं होतं. संध्याकाळी सापडली. मी तिला न्हाऊ घातलं, केसांना तेल लावलं. देवीला दोन्ही माहीत आहे. ती एकच धरून कशी बसेल?"

गौरम्मा उठली, पडवीत चटई अंथरली आणि म्हणाली, "थोडं पडा. अक्का माझ्यापाशी आहेत." मी आडवा झालो. इतकी गाढ झोप मला कित्येक महिन्यांत लागली नव्हती. उठलो तेव्हा उन्हं कलू लागली होती, कुसुमच्या पायांत तिच्या चपला होत्या आणि गौरम्मा तिची वेणी घालत होती. पुढे आम्ही तिघं देवळात गेलो. कुसुमने देवीकडे पाहिलं, पुजाऱ्याकडे पाहिलं, आणि कुंकवाचं बोट स्वतःच्या कपाळाऐवजी माझ्या कपाळाला लावलं. का, ते मला माहीत नाही. गौरम्माने आम्हाला स्टेशनच्या रिक्षात बसवलं आणि ती गवताचा भारा उचलायला परत गेली.

हा सगळा चमत्कार होता असं मी म्हणणार नाही. कुसुम बरी झाली नाही. त्या सोमवारी मी तिला आश्रमात नेलं नाही, पण आषाढ लागता लागता न्यावं लागलं, आणि मी स्वतःच्या हाताने तिची पिशवी भरली. त्याच्या आदल्या दिवशी मुलीला फोनवर चपलांची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "बाबा, आता यातून सुटका होऊ दे, अशी प्रार्थना मीही केली होती." आम्ही दोघं त्या दिवशी प्रथमच एकमेकांशी खरं बोललो.

आता मी रोज सकाळी होसकोट्याची बस पकडतो. कुसुम बोलत नाही. तिला पेज भरवतो, हात धरून व्हरांड्यात चार पावलं चालवतो. पूर्वी देवीला मी चांगुलपण दाखवायचो आणि त्याचा हिशेब मागायचो. त्या दुपारी माझ्यातलं सगळ्यात वाईट तिच्यापुढे उघडं पडलं, आणि तिने एका बाईच्या हाताने मला उठवलं, निजवलं. त्यापुढे मागण्यासारखं फारसं उरलं नाही. आजचा दिवस पार पडू दे, एवढंच म्हणतो. अजूनपर्यंत प्रत्येक दिवस पार पडला आहे.