नानांनी ठेवलेली पार्टी

पुण्याहून निघताना विक्रांतनं गिटार मागच्या सीटवर ठेवली आणि तिला चक्क सीटबेल्ट लावला. मी हसले. तो हसला नाही. दारू सुटल्यापासून तो पहिल्यांदाच गावी, पिंपळगाव रेणुकाईला निघाला होता. रॉक बँडमधला हा गिटारवादक व्यसनातून कसा बाहेर आला, यावर मी माहितीपट केला होता. तो नानांना दाखवायचा होता. नाना म्हणजे त्याचे चुलते. वडील लवकर गेल्यावर त्यांनीच त्याला वाढवलं.

"गावात घोटभर घे म्हणून आग्रह होईल गं," तो म्हणाला. "आणि मला घोटभरच पुरे आहे परत बुडायला."

जालन्याच्या एमआयडीसीतल्या स्टीलच्या भट्ट्या मागे पडल्या आणि काळ्या रानात फुटलेला कापूस दिसू लागला. पिंपळगावच्या बाजारात हिरव्या मिरच्यांचे ढीगच्या ढीग! मला असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आलं.

"नवीन दिसता, ताई," चहावाला हसला. "आमची मिरची पाहुण्याला आधी रडवती, मंग जेवू घालती."

नाना आखाड्यावर (शेतातल्या घरी) वाट बघत होते. विक्रांतला त्यांनी असं कवटाळलं की मला भरून आलं. चुलीवर येसर (भाजलेल्या धान्या-मसाल्याचं पीठ) लावलेला मटणाचा रस्सा रटरटत होता. भावकी जमली होती. आणि बाजेवर, नव्या टॉवेलात गुंडाळलेली बाटली!

"पोरगं दारू सोडून माणसात आलं, म्हणून ही पार्टी," नानांनी जाहीर केलं. "पहिला गिलास त्याचा!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. काय म्हणावं या माणसांना! माझं डोकंच फिरलं.

"अहो नाना, त्यानं सोडलीय ना?"

"म्हून तर आणली, ताई! सुटलेल्या माणसाला कशाची भीती?"

भरलेला ग्लास विक्रांतच्या हातात आला. तो त्याकडे बघत राहिला.

"नाना, आधी पिक्चर बघू," तो शेवटी म्हणाला आणि ग्लास खाली ठेवला. "मग तुम्ही म्हणाल तसं."

असं कबूल कशाला केलंस, मूर्खा, असं ओरडावंसं वाटलं मला.

बाजेवर लॅपटॉप मांडला. दवाखान्यातला प्रसंग आला. विक्रांतचे हात इतके थरथरताहेत की सदऱ्याचं बटण लागत नाही. शेवटी बँडमधला मित्र ते लावून देतो. भावकीतलं हसणं थांबलं. नानांनी आपले हात हळूच मांडीखाली घेतले.

माहितीपट संपला. विक्रांतनं ग्लास उचलून नानांपुढे धरला. "बोला, नाना. घेऊ?"

नानांनी ग्लास घेतला, तर निम्मी दारू धोतरावर सांडली. ते हाताकडेच बघत राहिले.

"माझे बी बराबर असेच हालून राह्यलेत. सकाळचा चहा सांडतो. मला वाटलं, म्हातारपण आलं." उरलेली त्यांनी चुलीच्या राखेत ओतली. "त्यो दवाखाना कुठं हाय रे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना पिशवी घेऊन गाडीत बसले. गिटार माझ्या मांडीवर आली. माझा माहितीपट स्टेजवरच्या टाळ्यांवर संपतो. माणूस बरा झाला की गोष्ट संपली, असंच मी धरून चालले होते. किती घाई केली मी!

नानांना बेल्टचं टोक खाचेत घालता येईना. विक्रांतनं वाकून तो लावून दिला.

"आवळला न्हाई ना, नाना?"

"आवळू दे," नाना म्हणाले. "तू फक्त सोडू नको."