डोळ्यातला तीळ

नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सुईत दोरा ओवता येईना, म्हणून मी त्यांना धुळ्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. दोंडाईच्यात त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. चष्म्याचा नंबर काढायचा आणि दुपारच्या एसटीने परतायचं, एवढाच बेत. मी नुकताच शिक्षक झालो होतो आणि घरातला शहाणा मीच, असा माझा तोरा होता.

डॉक्टरांनी थेंब घालून डोळा तपासला आणि तपासतच राहिले. मग नानांना बाहेर बसवून मला म्हणाले, "उजव्या डोळ्याच्या पडद्यामागे तीळ दिसतोय. असे तीळ बहुधा जन्मभर गप्प असतात. पण एखादा वाढतो, आणि वाढला तर जिवावर बेतू शकतं. सहा महिन्यांनी आणा, मोजून बघू."

बाहेर नाना डोळे मिचकावत बाकावर बसले होते. मी सांगितलं, "डोळ्यात तीळ आहे. सहा महिन्यांनी परत दाखवायचंय." पुढचं गिळलं. त्यांना उगाच कशाला घाबरवा, अशी समजूत घातली. घाबरलो होतो मी.

घरी आई हरखली. "डोयामा तीळ? मंग नशीब उघडनं." मापं द्यायला आलेली गिऱ्हाइकं नानांच्या डोळ्यात डोकावून जायची. कुणाला काही दिसायचं नाही, पण नशीबवान म्हणायला कुणाचं काय जातं?

सहा महिने झाले. मी म्हटलं, "नाना, धुळ्याला जाऊ. तीळ मोजायचाय."

कापड आखता आखता ते थांबले. "नशीब कोनी मोजस का? मोजं का आटस."

मोजलं की आटतं, म्हणून आमच्याकडे धान्य मोजतानासुद्धा पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. दिवसभर गावाची मापं घेणारा हा माणूस स्वतःचा तीळ मोजू देईना. निदान तेव्हा तरी खरं सांगायचं. ओठांवर आलं होतं. मी म्हणालो, "बरं, दिवाळीनंतर बघू." दिवाळी गेली, लग्नसराई लागली, दुकानात कापडाचे ढीग पडले. मी आग्रह सोडला आणि मला सुटल्यासारखं वाटलं, हे कबूल करतो.

होळीच्या सुमारास एका दुपारी नानांनी मला दुकानात हाक मारली. मशीन थांबवलं, समोर बसवलं. डाव्या डोळ्यावर तळहात ठेवून ते उजव्या डोळ्याने माझ्याकडे बघत राहिले. चेहरा खुलला होता.

"आते माले बी दखास तीळ," ते म्हणाले. "तुना अर्धा तोंडवर बठेल शे."