चाचीच्या हातातला हात

शिरूरच्या आमच्या गल्लीतल्या झाडून साऱ्या बायकांचे हात बांगड्यांनी भरणाऱ्या चाचीचे स्वतःचे हात मात्र मोकळे असायचे. नवरा गेल्यापासून तिने काचेची बांगडी घातली नव्हती. खांद्यावर लाल, हिरव्या, मोरपंखी बांगड्यांच्या माळा, पावलागणिक त्यांची किणकिण, आणि खाली ती उघडी, सुरकुतलेली मनगटं. नवं माणूस त्याकडे बघतंय असं दिसलं की तीच म्हणायची, "बघतीस काय? हलवाई कवा पेढा खातो का?"

मी तिकडे लांब किनवटच्या बाजूची. आठवीतून शाळा सुटली, लग्न झालं आणि नवऱ्याच्या मागोमाग शिरूरला आले. तो रांजणगावला एका कंपनीत ठेकेदाराकडे होता. कंपनीच्या बसने जायचा, शिफ्ट संपली की झोपायचा. मी रंगाने काळी, आणि बोलणं आमच्याकडचं. "काय करलालीस?" असं विचारलं की गल्ली हसायची. त्या अनोळखी गावात मला ज्यांनी आधार दिला त्या वहिनी, आमच्या घरमालकीणबाई. मांडवगण फराट्याकडे त्यांचा ऊस, घरात पुढारपण, दारात जीप. पण मी तापाने फणफणले तेव्हा त्यांनी स्वतः मला दवाखान्यात नेलं, आणि आठ दिवस त्यांच्याकडून डबा आला. ते उपकार मी आजही मानते. त्यांची मर्जी गेली तर खोली जाईल, ही धास्तीही तेव्हा रात्रंदिवस पोटात असायची.

चाचीच्या धंद्याचं मर्म एका वाक्यात होतं. "हसलं की हात मऊ पडतो," ती म्हणायची. बांगडी घट्ट मापाची भरायची तर बोटं एकत्र दाबून, अंगठ्याचं हाड आत वळवून ती हळूच पुढं सरकवावी लागते. बाईने धास्तीने हात आवळला की काच गेलीच. म्हणून चाची समोरच्या बाईला हसवायची. ती हसली, की त्याच क्षणाला बांगडी सर्रकन मनगटात. सुरुवात स्वतःपासून. "आमचं म्हातारं असलं चिक्कू, मरताना बी अर्धाच डोळा मिटला. म्हटलं, मीट की मेल्या, त्याला काय पैसं पडत्यात?" मग कुणाच्या सासूवर, कुणाच्या घोरणाऱ्या नवऱ्यावर. कुणी तिच्या तडाख्यातून सुटत नसे.

मीही सुटले नाही. पहिल्याच खेपेला वहिनींच्या ओसरीवर माझा हात हातात घेऊन ती म्हणाली, "हिला काळी बांगडी नगं बाई. हातात हाय का न्हाई, चाचपून बघावं लागंल!" ओसरी खदखदून हसली. मीसुद्धा हसले. काय करणार? आणि बांगडी तडकली.

बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. बायका तेच म्हणाल्या आणि पुन्हा गप्पांना लागल्या. चाची मात्र माझा हात तसाच धरून बसली होती. मग माझ्यापुरतं हळू आवाजात म्हणाली, "तोंड हसलं पोरी, हात न्हाई हसला. चुकलं माझं." तुकडे वेचून तिने पदराच्या टोकाला बांधले. "वाढली ती भरणारीची चूक. घालणारीची कवाच नसती."

त्यानंतर माझ्या रंगावर चाची कधी बोलली नाही. माझ्या बोलण्यावर मात्र भरपूर बोलायची, "काय करलालीस" तर माझ्यापेक्षा ठसक्यात म्हणायची, आणि मी पोट धरून हसायची. कुठली थट्टा चालते आणि कुठली नाही, हे तिला हातातल्या हातावरून कळायचं.

गल्लीही चाचीला सोडत नसे. शुक्रवारी आली की वहिनी हमखास विचारायच्या, "काय गं चाची, आज तरी आंघोळ केलीस का?" चाचीचं उत्तर तयार असायचं. "केली की! तुमच्या नळाचं पाणी मीच संपवलं, म्हणून तर तुम्ही पारोशा." आदल्या दिवशी मॅचमध्ये पाकिस्तान हरलेलं असलं तर, "आज चाचीकडं चूल पेटली नसंल, सुतक असंल!" चाची म्हणायची, "व्हय बाई. म्हणून तर तुमच्या दारात जेवायला आले." सगळ्या हसायच्या. वहिनींपेक्षा ती वीसेक वर्षांनी मोठी, पण त्या तिला अगं-तुगं करायच्या आणि ती त्यांना अहो-जाहो. ते कुणाला खटकत नसे. मलाही नाही. उलट थट्टेचा रोख माझ्यावरून चाचीवर गेला की मला हायसं वाटायचं.

मग वहिनींच्या पुतणीच्या लग्नाचा चुडा भरायचा दिवस आला. ओसरीवर मोठ्या घरच्या पाहुण्या बसल्या होत्या. पहिला हात वहिनींचा. पाहुण्यांसमोर वहिनी जरा रंगात आल्या होत्या. म्हणाल्या, "चाचीच्या लोकांचं बरं असतं. बुरखा ओढला की गाठोडं कुठलं आन् बाई कुठली, नवऱ्याला बी कळत नसंल!"

पाहुण्या हसल्या. चाचीही हसली. वहिनींची बोटं दाबता दाबता म्हणाली, "खरं हाय वहिनी. पर तुमच्या थोरल्या सासूबाई तरी कुठं दिसायच्या? मोठं घर, पडद्याआडून नुसता हात बाहेर यायचा. उभा जल्म मी हात भरला, तोंड काय दिसलं न्हाई. मेल्या तवाच बघितलं. म्हटलं, अगं बाई, हे व्हय त्या हाताचं तोंड!"

दोन पाहुण्या फिस्सकन हसल्या आणि लगेच पदर तोंडाला लावून गप्प झाल्या. वहिनी हसल्या नाहीत. बांगडी तडकली, मनगटावर रक्ताची बारीक रेघ उमटली. शुभकार्यात रक्त.

"आमच्या घराण्याची बरोबरी तुझ्या लोकांशी करतीस?" वहिनींचा आवाज चिरका झाला होता. "लाज न्हाई वाटत? मेलेल्या माणसाची टिंगल?"

चाचीने सवयीने तुकडे वेचायला घेतले. "बांगडीची माफी मागते, वहिनी. वाढली ती माझी चूक."

"आन् बोललीस त्याची?"

"तुम्ही बोलला त्याची तुम्ही मागितली, की मी बी मागंन."

वहिनींनी तिला गल्लीत पुन्हा पाऊल टाकायचं नाही म्हणून बजावलं. चाची माळा खांद्यावर घेऊन उठली. किणकिण कोपऱ्यापर्यंत ऐकू आली. लगेच एकेक तोंड उघडलं. "डोक्यावर चढवून ठेवली हुती." "थट्टेला बी काही मर्यादा असती." ही मर्यादा आजवर कुठे होती, हे कुणी विचारलं नाही. मी पाहुण्यांसाठी चहा टाकायला आत गेले.

तेव्हा मला सातवा लागला होता. माझी आई किनवटला, तिला येणं जमणार नव्हतं. वहिनीच म्हणाल्या, "तुझं डोहाळजेवण मी करते. आईच्या जागी मीच हाय असं समज." मला रडू आलं. साडी त्यांनी आणली, जेवण त्यांच्याच ओसरीवर ठरलं. "हिरव्या बांगड्या तेवढ्या बाजारातल्या दुकानात भरून ये," असं त्या म्हणाल्या. आता पंचाईत अशी, की तुझ्या पहिल्या खेपेचा हिरवा चुडा मीच भरणार, दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नकोस, असं चाचीने मला कधीच बजावलं होतं आणि मी हो म्हटलं होतं.

मी चाचीकडेच गेले. डोक्यावरून पदर पुढे ओढून, बाजाराच्या मागच्या बोळातून, कुणी ओळखीचं दिसतंय का बघत. चाचीच्या दोन खोल्या, भिंतीला खिळ्यांवर माळा, सुनेने पुढे केलेला चहा. चाचीला सगळं कळलं असावं. "आलीस? बस. हात आण," एवढंच म्हणाली.

पण हात काही ढिला पडेना. दारावरून कुणी गेलं तरी मी दचकत होते. तिने साबणाचं पाणी लावलं, बोटं चोळली. "सोड गं हात. लाकूड झालंय नुसतं." तिने म्हाताऱ्याचा अर्धा डोळा सांगितला. "काय करलालीस" म्हणून झालं. माझ्या तोंडावर हसू आलं, हात तसाच.

मग चाचीने पदर डोक्यावर घेतला, मान ताठ केली, हनुवटी वर केली, आणि हुबेहूब वहिनी झाली. "काय गं चाची! आज शुक्रवार, आंघोळ केलीस का? का म्याच हरली म्हणून सुतक पाळतीस? आगं, तो बुरखा तरी धू, गाठोड्याला बी वास मारतोय!"

मी फुटले. इतकी हसले की पोटातलं बाळ हललं. बांगडी सर्रकन आत गेली. चाची थांबली नाही. एकेका बांगडीला तिच्या लोकांवरची एकेक थट्टा, आमच्या ओसरीवर वर्षानुवर्षं झालेली, शब्दाला शब्द तीच. मी हसत होते आणि चुडा भरत होता. शेवटच्या बांगडीला माझं लक्ष तिच्या हाताकडे गेलं. माझं मनगट धरलेली तिची बोटं तारेसारखी ताठ झाली होती. शिरा वर आल्या होत्या. त्या हातात कुठल्याच मापाची बांगडी गेली नसती. वर बघितलं, तर तोंड हसत होतं.

"झालं," ती म्हणाली. "एक बी वाढली न्हाई बघ. पोरगी सुखरूप हुईल."

संध्याकाळी वहिनींनी माझे हात बघितले. "छान भरल्यात गं. कुठल्या दुकानात?" मी एका दुकानाचं नाव सांगितलं. डोहाळजेवण थाटात झालं. पुढे मुलगीच झाली. मग नवऱ्याचं काम सुटलं आणि आम्ही दौंडला आलो. चाची गेल्याचं इथे कुणाकडून तरी कळलं, तेही बऱ्याच महिन्यांनी. तिच्या मातीला आमच्या गल्लीतलं कुणी गेलं होतं का, हे विचारायचं मला धाडस झालं नाही.

मुलगी आता मोठी झाली आहे. मी कधीकधी तिला चाचीच्या गोष्टी सांगते. हलवाई, अर्धा डोळा, पडद्याआडचा हात, आणि ओसरीवर चाचीची व्हायची ती थट्टाही. ती विचारते, "आई, तुला चाचीवरच्या त्या थट्टा आवडायच्या?" मी म्हणते, आम्ही नुसतं तोंडदेखलं हसायचो गं, वहिनींचा धाक होता ना. ओसरीवरच्या हसण्यापुरतं ते खरंही असेल. तोंडाला काय, ते भिऊनही हसतं. पण चाचीच्या घरात वहिनी नव्हत्या, हसायलाच हवं असा धाक नव्हता, आणि तिथे त्याच थट्टांना माझा हात हसला.